मेणकाकांच्या यकृताचे तीन धागे

आमच्या लॅबमध्ये कर्करोगाच्या प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या लागतात, आणि त्या सह्या करणारी दोन माणसं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं की लोक मलाच विचारतात, मग काम कसं चालायचं? काम माझ्या पायांवर चालायचं. डाव्या खोलीतून उजवीत, उजवीतून डावीत, हातात नमुन्यांच्या काचांचा ट्रे आणि एप्रनच्या खिशात चिठ्ठ्या.

डाव्या खोलीत डॉक्टर ताई बसतात, उजव्या खोलीत डॉक्टर दादा. सख्खी भावंडं. लॅब काढली त्यांच्या वडिलांनी, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याचा असावा, म्हणून दोन सह्यांचा नियमही त्यांचाच, आणि त्यासाठी हौसेने घेतलेला दोन डोक्यांचा मायक्रोस्कोपही त्यांचाच. त्यात काच एकच ठेवायची आणि दोघांनी समोरासमोर बसून एकदम बघायचं. मोठे डॉक्टर होते तोवर सगळं सुरळीत होतं. ते गेले आणि महिन्याभरात पोरांचं बिनसलं.

कारण काय, तर काच कोणी सरकवायची. त्या यंत्राला डोकी दोन असली तरी काच सरकवायची सोय एकाच बाजूला आहे. त्या बाजूला दादा बसायचे आणि भराभर सरकवायचे. ताई म्हणायच्या, जरा थांब, मला बघू दे. दादा म्हणायचे, यात बघण्यासारखं आहे काय. टीव्हीच्या रिमोटवरून घराघरांत जे होतं तेच, फक्त इथे दोघांच्याही भिंतीवर मोठमोठ्या पदव्या टांगलेल्या होत्या. एके दिवशी ताईंनी दादांच्या हाताखालून काच ओढली, काच मोडली, आणि तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जाईना. मायक्रोस्कोप बाहेर पॅसेजमध्ये आला. त्याला प्लास्टिकची टोपी घातली गेली, आणि त्याच्या एका डोक्याला मी माझी छत्री अडकवायला लागले.

ताई हिरव्या शाईने लिहितात, दादा जांभळ्या. चिठ्ठ्यांमध्ये ताई दादांना ‘समोरची खोली’ म्हणायच्या आणि दादा ताईंना ‘डावी बाजू’. दोघंही मला मात्र नावाने हाक मारत नाहीत. मला सगळे पाती म्हणतात. हे नाव मेणकाकांनी ठेवलं. मी यंत्राच्या पात्याने काप काढते म्हणून ठेवलं असं ते सांगतात, पण माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मेणकाका म्हणजे आमचे जुने तंत्रज्ञ. छत्तीस वर्षं त्यांनी माणसांच्या शरीराचे तुकडे मेणात बसवले. तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, वडी यंत्रात अडकवायची, केसाहूनही पातळ काप काढायचा, तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा आणि गुलाबी-जांभळा रंगवायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. त्यांच्या नखांत कायम मेण असायचं. कापाला एक सुरकुती दिसली तर ते अशा नजरेने बघायचे की वाटायचं आपण एखाद्याच्या ताटातलं उचललं.

काच मोडली त्याच आठवड्यात काकांनी युक्ती काढली. एकच काच दोघांकडे पाठवणं शक्य राहिलं नव्हतं. ताई काचेवर हिरव्या शाईने टिंबं द्यायच्या आणि दादा म्हणायचे, कुठे बघायचं हे मला कोणी शिकवू नये. मग काकांनी प्रत्येक वडीचे लागोपाठचे दोन काप काढायला सुरुवात केली, एक डाव्या ट्रेत, एक उजव्या ट्रेत. लागोपाठचे काप जुळे असतात. एकात जे आहे ते दुसऱ्यात असतंच, त्यामुळे त्यात गैर काहीच नव्हतं.

गैर होतं ते सुईच्या तुकड्यांत. यकृतात सुई घालून जे काढतात ते तुकडे शिवणाच्या दोऱ्याएवढे असतात. त्यावर पुढे अनेक तपासण्या करायच्या असतात, म्हणून एकेक काप जपावा लागतो. काकांना ती उधळपट्टी बघवेना. बाटलीत तीन धागे आले तर ते दोन एका वडीत बसवायचे आणि एक दुसऱ्या वडीत. तिथवर ठीक, चांगल्या लॅबमध्ये असंच करतात. पण मग काका एका वडीचा काप फक्त दादांना द्यायचे आणि दुसऱ्या वडीचा फक्त ताईंना. गाठ एकच, धागा इथून काढला काय आणि तिथून काढला काय, असं त्यांचं म्हणणं. काचेवर दोन्हीकडे नंबर तोच, फरक इतकाच की ताईंच्या वडीवर नखाएवढा ओरखडा. डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपण जुळे काप बघतोय असंच दोघं समजत होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त होताना काकांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, यंत्र पुसायचं फडकं दिलं आणि हे गुपित दिलं. मीही अळीमिळी गुपचिळी केली.

तर त्या सोमवारी सकाळी मेणकाका स्वतः आले, आणि हातात बाटली. मला वाटलं कुणाची तरी पोचवायला आले असतील. बाटली माझ्यासमोर ठेवून ते आधी तिच्यातल्या औषधाला नावं ठेवायला लागले, म्हणाले, यांनी बोटभर फॉर्मॅलिन घातलंय, तुकडा बुडायला नको का? मग म्हणाले, धागे तीन आहेत, मी मोजलेत. डॉक्टर दोनवर थांबत होते, मीच पडल्या पडल्या म्हटलं अजून एक काढा, आमच्या लॅबला लागतो.

मी बाटलीवरचं नाव वाचलं. ते काकांचंच होतं. सोबतच्या कागदावर होतं, यकृताच्या उजव्या बाजूला पाच सेंटिमीटरची गाठ. काका आयुष्यात चहाशिवाय कशाच्या वाटेला गेले नव्हते, पण त्यांना साखरेचा आजार होता, यकृतात चरबी होती, आणि ते दोन्ही त्यांनी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं होतं. त्यांनी मला दोनच गोष्टी बजावल्या. एक, त्यांच्या नावावर नंबरची पट्टी चिकटवायची, कारण ताई-दादांना कळलं तर ते ओल्या डोळ्यांनी बघतील आणि ओल्या डोळ्यांना बारीक दिसत नाही. दुसरी, ‘दोन एका वडीत, एक दुसरीत. विसरू नकोस.’

मी विसरले नाही. तिथेच तर सगळं चुकलं.

बुधवारी दोन्ही खोल्यांत ट्रे गेले. दादा रिपोर्ट रेकॉर्डरमध्ये बोलतात, तेही ताईंना भिंतीतून ऐकू जाईल अशा आवाजात. पेशी बहुकोनी आणि गुलाबी, जाड जाड पट्ट्यांमध्ये रचलेल्या, मध्ये मध्ये पित्ताचे हिरवट थेंब, म्हणजे यकृताच्या मूळ पेशींचाच कर्करोग. शेवटी म्हणाले, कुणाला शंका असल्यास त्याने चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. दहा मिनिटांत ताईंची हिरवी चिठ्ठी आली. निबर तंतूंच्या जाळ्यात लहान लहान कड्या, कड्यांच्या पोकळीत चिकट स्राव, म्हणजे यकृतातल्या पित्तनलिकांचा कर्करोग. खाली लिहिलं होतं, ‘समोरच्या खोलीला पित्त दिसत असेल तर ते स्वतःचं असावं.’

त्यानंतर माझ्या पायांना उसंत मिळाली नाही. दादांनी लिहिलं की यकृतपेशींच्या कर्करोगातही कधी कधी खोट्या कड्या दिसतात, हे विद्यार्थ्यांनाही ठाऊक असतं. ताईंनी लिहिलं की खऱ्या कडीत आणि खोट्या कडीत फरक करता येणं हेही विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. दादांनी निबर तंतूंचा प्रकार काढला, मग चरबीने भरलेल्या पेशींचा, मग पाण्यासारख्या स्वच्छ पेशींचा. ताईंनी उलट विचारलं की आता तो तरुण मुलांना होणारा प्रकारही राहिला कशाला, ज्यात बाकीचं यकृत निरोगी असतं आणि दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटतात? सहासष्ट वर्षांच्या माणसाला तोही लावून बघा. पुस्तकातले सगळे प्रकार त्या दिवशी माझ्या खिशातून गेले आले. ज्या माणसावरून हे चाललं होतं त्याने मला दहा वर्षांपूर्वी पातं धरायला शिकवलं होतं, आणि मला ते सांगता येत नव्हतं. माझा संताप संताप होत होता.

गुरुवारी खास रंगांच्या तपासण्या झाल्या. त्यात पेशीमध्ये ठरावीक प्रथिन असलं तर काप तपकिरी होतो. दादांनी यकृतपेशीची खूण मागवली होती, ती त्यांच्या काचेवर चहासारखी तपकिरी आली. ताईंनी पित्तनलिकेची खूण मागवली होती, ती त्यांच्या काचेवर त्याहून गडद आली. दोघांनाही वाटलं आपण जिंकलो. दुसऱ्याची काच मागवून बघावी असं दोघांनाही वाटलं नाही. काप जुळेच आहेत तर बघायचं काय, समोरच्याला दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ, असं दोघांचं एकमत होतं. अकरा वर्षांत तेवढंच एक एकमत.

दुपारी सर्जनबाईंचा फोन आला. त्या फोनवरही हातमोजे घालून बोलल्यासारख्या बोलतात. ऑपरेशन शनिवारी सकाळी होतं. यकृतपेशींचा रोग असेल तर त्या गाठीचा भाग काढून बाहेर येणार होत्या. पित्तनलिकांचा असेल तर यकृताच्या दाराशी असलेल्या लसिकाग्रंथीही काढायच्या, कारण तो रोग आधी तिकडे पळतो. पण साखरेचा आजार असलेल्या माणसाला टेबलावर उगाच तास-दीड तास जास्त ठेवायची त्यांची तयारी नव्हती. ‘मला उद्या संध्याकाळपर्यंत एक उत्तर द्या,’ त्या म्हणाल्या. ‘दोन्ही उत्तरं नकोत.’

फोन ठेवून मी दोन्ही ट्रे उचलायला गेले. रंगवलेली काच मी नेहमी माझ्या छोट्या मायक्रोस्कोपखाली बघते, पण फक्त सुरकुती आहे का, रंग नीट बसलाय का एवढंच. रोग वाचणं माझं काम नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदाच एका केसच्या दोन्ही काचा शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत गुलाबी पट्ट्या आणि हिरवे थेंब. दुसरीत कड्या. मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. एका गाठीच्या दोन भागांतून सुई गेली होती, दोन भाग दोन जातींचे होते, आणि आम्ही एक भाग भावाला दिला होता, दुसरा बहिणीला. दोघंही खरं बोलत होते.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी काकांचं घर गाठलं. दार काकूंनी उघडलं. त्या सकाळपासून दवाखान्याची पिशवी भरत होत्या आणि काका ती रिकामी करत होते, कारण चार टॉवेल कशाला हा त्यांचा मुद्दा होता. काकूंनी मला साक्षीला घेतलं. मी म्हटलं काकू, टॉवेल पाच घ्या, पण मला काकांशी दोन मिनिटं बोलू द्या.

काकांना समजवावं लागलं नाही. उजव्या वडीत पट्ट्या, डाव्या वडीत कड्या, इतकं म्हटल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. असे हसले की पोट धरून खुर्चीत वाकले आणि काकू पिशवी टाकून धावत आल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, उद्या तुम्हाला फाडणार आहेत आणि तुम्ही दात काढताय? ते डोळे पुसत म्हणाले, अगं, एवढ्या सगळ्या माणसांतून माझी युक्ती पकडली जायची कोणाच्या यकृतात, तर माझ्याच?

मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. ते बराच वेळ आपल्या नखांकडे बघत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तिथे काहीतरी शोधायची त्यांची सवय गेली नव्हती.

‘मी मोठ्या डॉक्टरांना शब्द दिला होता,’ ते म्हणाले. ‘पोरांना भांडू देणार नाही म्हणून. आणि मी खरंच भांडू दिलं नाही, पाती. दोघांना दोन ट्रे दिले. भांडू द्यायला हवं होतं.’

मी विचारलं, आता काय करू?

‘जा आणि सांग. माझ्यावर घाल सगळं. मी उद्या गुंगीत असेन, मला काय करतायत.’

परत येईपर्यंत तीन वाजले होते. नोकरी जाणार हे मी वाटेतच गृहीत धरलं होतं आणि घरी काय सांगायचं तेही ठरवून टाकलं होतं. भीती त्याची नव्हती. भीती ही होती की दोघं आता माझ्यावरून चिठ्ठ्या लिहीत बसतील आणि उद्या सकाळ होईल. म्हणून मी कुठल्याच खोलीत गेले नाही. पॅसेजच्या मधोमध, त्या टोपी घातलेल्या यंत्राशेजारी उभी राहिले आणि दोन्ही दारं उघडी टाकून मोठ्याने सगळं सांगितलं. धागे, वड्या, ओरखडा, ट्रे, सगळं. सुईच्या तुकड्यांमध्ये तुम्ही दोघांनी एकच गोष्ट कधी बघितलीच नाही, असंही सांगितलं.

मग दोन्ही दारांत दोघं येऊन उभे राहिले. दोघांनीही माझ्याकडेच बघितलं, कारण एकमेकांकडे बघायची सवय नव्हती.

‘किती वर्षं चाललंय हे?’ दादांनी विचारलं.

‘अकरा.’

‘कोणाची अक्कल?’ हे ताई.

‘माझी,’ मी म्हटलं.

‘अकरा वर्षांपूर्वी तुझ्याकडे काचा धुवायचं काम होतं. खोटं बोलू नकोस.’

मग मला मेणकाकांचं नाव घ्यावं लागलं. दादांचा चेहरा लालबुंद झाला. ते म्हणाले, बोलव त्यांना, आत्ताच्या आत्ता बोलव, मला त्यांच्याशी बोलायचंय. मला खूप राग आला होता, त्यांचा, काकांचा, माझा, आणि तो सगळा एकाच वाक्यात बाहेर पडला.

‘बोलवायला कशाला पाहिजे, दादा? तीन दिवस तुमच्याच ट्रेमध्ये आहेत ते. दोन धागे तुमच्याकडे आणि एक ताईंकडे.’

दादा भिंतीला टेकले. ताईंनी हातातलं पेन कधी खिशात घातलं, कधी काढलं, त्यांनाही कळलं नसेल. काकांनी या दोघांना शाळेच्या गणवेशात बघितलं होतं. सुट्टीत लॅबमध्ये आले की काका त्यांना उरलेल्या मेणाची बदकं करून द्यायचे. ताईंच्या टेबलावर त्यातलं एक अजून आहे, मान मोडलेलं. मी धूळ पुसायला उचललं तरी त्या ओरडतात.

पहिल्यांदा हलल्या ताई. त्यांनी माझी छत्री काढून माझ्या हातात दिली, यंत्राची टोपी ओढून काढली, आणि एवढी धूळ उडाली की तिघांनाही शिंका आल्या. दादा सवयीने काच सरकवायच्या बाजूला जाऊन बसले. मग त्यांनी मान वर केली आणि ते उठले.

‘ताई, तू इकडे बस,’ ते म्हणाले.

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य ऐकून ताई काय बोलतील याची मी वाट बघत होते. ताई बसल्या, एका भिंगात डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘हे पुसलंयस का तू?’

दादांनी रुमाल काढून भिंगं पुसली.

पाऊण तास ते दोघं तिथे बसले. मी चहा ठेवला, तो गार झाला. आधी ताईंची काच, मग दादांची. ताई काच अशा सावकाश सरकवत होत्या की मलाच झोप यायला लागली, पण दादा चकार शब्द बोलले नाहीत. दादांच्या दुसऱ्या धाग्याच्या टोकाशी आल्यावर ताई थांबल्या. तिथे गुलाबी पट्ट्या हळूहळू विरळ होत होत्या आणि त्यांच्यातूनच तीन-चार कड्या निघत होत्या. दोन्ही जाती एकाच धाग्यात, एकमेकींना खेटून.

‘हे तू बघितलं नव्हतंस?’

‘बघितलं होतं. खोट्या कड्या समजून पुढे गेलो.’ दादा पुन्हा भिंगात डोकावले. ‘भराभर गेलो.’

ताई यावर काहीतरी बोलणार होत्या. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्या बोलल्या नाहीत, आणि ताईंना ओळखणाऱ्या कुणालाही ती केवढी मोठी गोष्ट आहे ते मी सांगायला नको.

मग मात्र ते भांडले, मनसोक्त, समोरासमोर, चिठ्ठीशिवाय. कड्यांचा भाग किती आणि पट्ट्यांचा किती, मधला भाग कोणात धरायचा, सगळ्यावर वाद घातला. मला मध्ये कोणी घेतलं नाही. साडेपाचला दोघांनी मिळून सर्जनबाईंना फोन लावला आणि सांगितलं की कर्करोग मिश्र आहे, यकृतपेशींचाही आणि पित्तनलिकांचाही, एकाच गाठीत, आणि हे नुसत्या तपकिरी रंगावरून नाही, साध्या कापातही दोन्ही स्वच्छ दिसतंय. लसिकाग्रंथी काढाच.

सर्जनबाई म्हणाल्या, मी म्हटलं होतं दोन्ही उत्तरं नकोत.

‘उत्तर एकच आहे,’ ताई आणि दादा एकदम म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघंही ओशाळले.

शनिवारी ऑपरेशन साडेपाच तास चाललं. काकूंनी पाचही टॉवेल वापरले, बहुतेक स्वतःसाठीच. सोमवारी काकांच्या यकृताचा तुकडा आणि सात लसिकाग्रंथी माझ्यासमोर आल्या. मी नवीन पातं लावलं. वड्या बर्फाच्या ट्रेवर नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवल्या. त्या आठवड्यात मी जेवढे काप काढले त्यातल्या एकालाही सुरकुती नव्हती, आणि प्रत्येक वडीची एकच काच केली. सगळ्या काचा पॅसेजमध्येच गेल्या.

जनुकांची तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये होते. तिकडे पट्ट्यांचा भाग वेगळा पाठवला होता आणि कड्यांचा वेगळा. तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन्ही भागांत एकाच जनुकात, अगदी त्याच जागी, तीच चूक होती. म्हणजे ही दोन दुखणी शेजारी येऊन राहिलेली नव्हती. मुळात एकच पेशी बिघडली आणि तिची पिल्लं दोन दिशांना तोंड करून वाढली. दादा मला हे समजावून सांगत होते आणि ताई मागून दुरुस्त करत होत्या. मी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काही बोलले नाही. माझ्याही जिभेला कधीतरी हाड असतं.

शेवटचा रिपोर्ट मीच काकांच्या घरी घेऊन गेले. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, कपडे दोन माप मोठे झाले होते, आणि काकू त्यांच्या मांडीवर शाल घालत होत्या आणि ते ती काढत होते. पुढच्या आठवड्यापासून औषधं सुरू व्हायची होती. हा मिश्र प्रकार तापट असतो, परत येऊ शकतो, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्याचे काप त्यांनी स्वतः काढलेले होते, दुसऱ्यांचे.

मी म्हटलं, वाचून दाखवते. गाठीच्या कडा स्वच्छ आहेत. सातपैकी सहा ग्रंथी स्वच्छ आहेत, एकीत कड्या सापडल्या.

‘म्हणजे ती एक आत राहिली असती.’

‘राहिली असती,’ मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि रिपोर्टसाठी हात पुढे केला. काकूंनी चष्मा दिला. मला वाटलं, आता सगळं पहिल्यापासून वाचतील. त्यांनी वरचं काहीच वाचलं नाही. थेट शेवटचं पान काढलं, जिथे दोन सह्या होत्या, आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. ताईंची सही हिरवी होती. तिच्या शेजारी दादांची, तीही हिरवी. जांभळं पेन आणायला दादा आपल्या खोलीत गेलेच नव्हते. ताईंनी सही केली आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं, ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

काकांनी त्या सह्यांवरून अंगठा फिरवला, शाई ओली आहे की काय हे बघितल्यासारखा. मग त्यांना रडू आलं. काकू घाबरल्या, मला विचारायला लागल्या की अगं काय लिहिलंय त्यात, खरं सांग, काही वाईट आहे का. पण तोपर्यंत मीही रडत होते. काकांनीच त्यांना हाताने थांबवलं आणि म्हणाले, ‘काही नाही गं, पोरांचा रिपोर्ट आलाय.’